वाचनगृह चालू आहे

करमरकरबाईंनी माझं नाव आयुष्यात एकदाच कागदावर लिहिलं, आणि त्या एका ओळीने त्या विद्यापीठाचं दार मला कायमचं बंद झालं. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द बोलेन, तेव्हा तुम्हाला वाटायला नको की हा माणूस विसरला. मी विसरत नाही. आमच्या करावं गावात कोणालाही विचारा.

बाई विद्यापीठाच्या ग्रंथपाल होत्या आणि मी ठेकेदार. माझा बाप मिठागरावर राबला. मी सातवीनंतर पाट्या उचलल्या, मग सेंटरिंगच्या कामावर फळ्या ठोकल्या, मग स्वतःची दहा माणसं जमवली. नवं शहर उभं राहत होतं, त्यात आमची जमीन गेली. जमीन गेली तेव्हा मी ठरवलं की या शहराच्या भिंती तरी आपण बांधायच्या. कोणाचा वशिला नाही, कोणाची ओळख नाही. घासाघीस करून कामं मिळवली आणि ओरडून पुरी केली. ऐंशीनंतरच्या पहिल्या चार-पाच वर्षांत माझं नाव जरा होऊ लागलं होतं, तेव्हा हे काम आलं.

ग्रंथालयाची इमारत काही जुनी नव्हती. सत्तर सालच्या सुमाराला घाईघाईत उभी केलेली. खाली मोठं वाचनगृह, वर पुस्तकांचे रॅक. दहा-बारा वर्षांतच खालून स्लॅबला पोफडे धरले होते, कुठे कुठे गंजलेली सळई उघडी पडली होती. रजिस्ट्रारसाहेबांनी मला बघायला बोलावलं. मी आत शिरलो तर ती सळई जिथे लोंबत होती, त्याच्या बरोबर खाली एक पोरगी मान खाली घालून काहीतरी उतरवून घेत होती. मी साहेबांना म्हटलं, "साहेब, आधी हिला उठवा."

"त्या उठू देणार नाहीत," साहेब म्हणाले आणि काउंटरकडे बोट दाखवलं.

तिथे बाई उभ्या होत्या. किरकोळ बांधा, खादीची साडी, आणि साडीखाली शाळेत पी.टी.ला घालतात तसले पांढरे कॅनव्हासचे बूट. चालताना आवाज होऊ नये म्हणून. बाईंचा स्वतःचाही आवाज कधी चढत नसे. रागावल्या की तो आणखी खाली जायचा, इतका की ऐकणाऱ्याला पुढे वाकावं लागे. मला ओरडणाऱ्या माणसांची सवय होती. ओरडणाऱ्यावर ओरडता येतं. वाकून ऐकताना माणूस आपोआप लहान होतो, हे मला त्या बाईंकडे कळलं.

मी शिडीवर चढून स्लॅबचा एक तुकडा काढला आणि जिभेवर ठेवला. माझी ती जुनी सवय. मिठागरावर जन्म गेलेल्या घरातला माणूस मी, मीठ कुठे बसलंय ते जीभ सांगते.

"खाडीची रेती, बाई," मी म्हटलं. "आणि पाणीही बहुतेक खारंच. आतून लोखंड खात बसलंय."

बाईंनी हात पुढे केला. मला वाटलं तुकडा बघायला हवा असेल. त्यांनी तो जिभेला लावला, क्षणभर थांबल्या, रुमालाने ओठ पुसले आणि एका लांबट वहीत लिहिलं. मी वाकून वाचलं. 'स्लॅब, दुसरा खण. चव खारट.'

मला हसू आलं, पण बाई हसत नव्हत्या.

मग आमचा सौदा सुरू झाला. मी म्हटलं, "पुरा हॉल माझ्या ताब्यात द्या. तीन महिने कुलूप. चौथ्या महिन्यात नवा करून देतो."

"कुलूप नाही लागणार."

"बरं, दोन महिने."

"मी दिवसांचं बोलत नाही, तांडेल. कुलूपच नाही लागणार."

"अहो बाई, हे कोणाच्या तरी डोक्यात पडेल."

"म्हणून तर तुम्हाला बोलावलंय."

त्या हॉलचे तुळयांनी पाच खण पाडलेले होते. बाई म्हणाल्या, एक खण तुमचा, चार आमचे. काम पुढे सरकेल तसा तुमचा खण सरकेल. मी म्हटलं, तीन माझे. त्या म्हणाल्या, एक. मी म्हटलं, दोन तरी द्या, माझी माणसं उभी कुठे राहणार? बाईंनी विचार केला आणि म्हणाल्या, "दीड." मी म्हटलं, दीड खण काय असतो? त्यांनी काउंटरवरचा खडू उचलला, दुसऱ्या खणाच्या मधोमध फरशीवर सरळ रेघ ओढली आणि म्हणाल्या, "हा." रेतीवाले, लोखंडवाले, सरकारी इंजिनियर, सगळ्यांशी मी झगडलो होतो. अर्ध्या खणावर मला कोणी आणलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली. 'दुरुस्तीचं काम चालू आहे. वाचनगृह चालू आहे.' दोन्ही ओळी सारख्याच अक्षरांत.

मी तेव्हा त्याला बाईंचा हट्ट म्हणायचो. पुढे एकदा चहा घेताना त्यांनी कारण सांगितलं. रजिस्ट्रारांना परीक्षेच्या कामासाठी मोठी जागा हवी होती. हॉल रिकामा झाला की तिथे टेबलं मांडली जाणार, आणि पुस्तकं कुठल्या तरी गोदामात गठ्ठे बांधून. "एकदा किल्ली हातातून गेली की परत येत नाही, तांडेल. तुमची जमीन आली का परत?"

हे त्यांना कोणी सांगितलं होतं कोण जाणे.

"ती बोनकोड्याहून येते ना," त्या म्हणाल्या, "ती तुमच्या सळईखाली बसलेली. नर्सिंगच्या परीक्षेला बसलीय. घरात सात माणसं आणि बल्ब एक. तिला सांगू, तीन महिन्यांनी ये म्हणून?"

"ती जिवंत राहिली तर परीक्षा देईल ना, बाई."

"तेच तर तुमचं काम आहे," त्या म्हणाल्या आणि कप बशीत इतका हळू ठेवला की तो वाजला नाही.

काम सुरू झालं आणि माझी झोप उडाली. काम अवघड नव्हतं. सगळ्या हॉलमध्ये स्लॅबला खालून लोखंडी टेकू द्यायचे, आपल्या खणात कुजकं काँक्रीट तोडायचं, सळया घासायच्या, नव्या जोडायच्या, वरून नवा थर. पण रेघेच्या पलीकडे ताडपत्रीचा पडदा, आणि त्याच्या पलीकडे टेकूंच्या जंगलात माणसं वाचत बसलेली. मी शिडीवरून बघायचो तर नुसते भांग दिसायचे. पोरींचे मधले भांग, पोरांचे बाजूचे, कोणाचं टक्कल. छिन्नीचा ठोका पडला की वरून चिमूटभर भुकटी खाली उतरायची. एखादं पोरगं पुस्तकावरची भुकटी फुंकून टाकायचं आणि पुढे वाचायचं. मान वर करून बघायचंही नाही. आम्ही वर बघणारी माणसं. स्लॅबखाली उभं राहिलं की आधी वर बघायचं, हे आमच्या अंगात भिनलेलं. ही माणसं मात्र कायम खालीच बघत.

माझा मुकादम पोशा. तळवलीचा, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा. मी पाट्या उचलायला लागलो तेव्हा डोक्यावर चुंबळ कशी ठेवायची हे त्याने शिकवलं होतं. तो म्हणायचा, "शेट, या बायला भीती कशी नाय? काल मी इचारलं, बाय, पडलं तर? तं सांगते, हळू बोला."

खरी भांडणं झाली ती वजनावरून. वरच्या मजल्यावर पुस्तकं, आणि त्यांच्या वजनाने हा कुजका स्लॅब दबलेला. एक खण तोडायचा म्हणजे त्याच्यावरची पुस्तकं दुसरीकडे हलवायची. मी म्हटलं, सगळीकडे सारखी पसरा. थोडी इथे, थोडी तिथे, भार वाटला जाईल. बाई म्हणाल्या, पुस्तकं क्रमाने आहेत, क्रमानेच राहतील. इतिहास मोडून चार कोपऱ्यांत टाकला तर मागणाऱ्याला देऊ कुठून?

"शोधा की जरा! पाय मोडले काय तुमच्या शिपायांचे?" मी ओरडलो. हॉलमधली सगळी डोकी एकदाच वर झाली.

बाई जवळ आल्या. मी वाकलो. "जागेवर नाही म्हणजे नाहीच," त्या म्हणाल्या. हे त्यांचं नेहमीचं वाक्य. पुस्तक हरवलं तर हरवलं, पण चुकीच्या जागी लागलेलं पुस्तक जास्त वाईट. ते असूनही नसतं, आणि ते नाही हेही कोणाला कळत नाही.

शेवटी मी म्हटलं, ठीक आहे, कुठली पुस्तकं किती जड ते तरी मोजू. माझी बहीण तेव्हा मासळी विकायची. तिचा मोठा काटा मी घेऊन आलो. बाईंनी पारड्यांत वर्तमानपत्र अंथरलं, वास पुस्तकांना लागू नये म्हणून, आणि वरच्या मजल्यावर आम्ही दोन दिवस एकेका रॅकचं वजन करत बसलो. पोशा काटा धरायचा, मी वजनं टाकायचो, बाई लिहायच्या.

"बाय, कायदा लय जड हाय," पोशा म्हणाला. "कविता घ्या. कवितेचा काय भारच नाय."

"पानं कमी असतात," बाई म्हणाल्या.

"तसा नाय. सुरमईच्या बाजूला मांदेली ठेवल्यावानी वाटते."

तेव्हा त्या हसल्या. मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच. सगळ्यात जड निघाली ती जुन्या वर्तमानपत्रांची बांधीव बाडं. एकेक बाड दोन माणसांनी उचलायचं. ती मागच्या दाराजवळ, चौथ्या खणावर होती. मी म्हटलं, ही इमारतीबाहेर काढा. बाईंनी साहेबांकडे जागा मागितली, तीनदा पत्र लिहिलं. मिळाली नाही. मग ठरलं की बाडं तिथेच राहतील आणि त्यांच्याखाली टेकू दाट लावायचे. बाकीच्या पुस्तकांसाठी बाईंनी एक युक्ती काढली. क्रम मोडायचा नाही, पण जड रॅकच्या शेजारी हलका रॅक येईल अशा बेताने रांग नागमोडी फिरवायची. त्याचा नकाशा काढून भिंतीवर लावला. मी मनात म्हटलं, ही बाई सेंटरिंगवर असती तर मला उपाशी ठेवलं असतं.

टेकू एकूण चौसष्ट होते. बाईंनी प्रत्येकावर नंबराची चिठ्ठी डिंकाने चिकटवली, पुस्तकाच्या पाठीवर लावतात तशी, डोळ्यांच्या उंचीवर. रोज सकाळी दार उघडायच्या आधी त्या चौसष्टच्या चौसष्ट टेकूंवरून फिरायच्या. दोन बोटं लावायच्या, ओठांतल्या ओठांत नंबर म्हणायच्या, पुढे जायच्या. आमची पोरं हसायची. पोशा म्हणायचा, "बाय जॅकची हजेरी घेते." आमच्यात त्या टेकूला जॅक म्हणतात.

आता त्या दिवसाचं सांगतो.

खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी काम बंद. सकाळी हत्यारं धुवायची, मांडायची, पूजा करायची. थापी, ओळंबा, घमेलं, पहार, छिन्नी, ज्याच्यावर पोट आहे ते सगळं एकेक पूजेत असावं लागतं. एकही राहिलं तर ते वर्षभर रुसतं, असं आमची माणसं मानतात. मीही मानतो. ग्रंथालयाच्या मागच्या ओट्यावर मांडामांड चालली होती. मी नारळ आणि झेंडूच्या माळा घेऊन पोचलो, तसा पोशा पुढे आला.

"शेट, सगला मांडला. जॅक नाय एक पन. सगले आत लागलेत. एक घेऊ पूजेपुरता?"

मी माळा मोजत होतो. "घे," मी म्हटलं.

कुठला, हे मी विचारलं नाही. माझ्या मनात होतं की तो नवा थर देऊन पुरा झालेल्या खणातला घेईल. त्याच्या मनात काय होतं? मागच्या दाराजवळचा एक टेकू त्याला हाताला ढिला लागला. वरची लाकडी पाचर सुकली असणार. ढिला आहे म्हणजे भार घेत नाही, असा त्याने हिशेब केला. त्याने आणि एका पोराने जाऊन शेजारच्या टेकूंना बांधलेला बांबू सोडला आणि तो काढून आणला. बाईंची हजेरी तेव्हा होऊन गेली होती, त्या वर सरस्वतीपूजनाची पुस्तकं काढत होत्या. वाचणाऱ्यांनी बघितलं असेल. दुरुस्तीचं काम चालू आहे, हे तर पाटीवरच लिहिलं होतं.

पूजा झाली. मी बाईंना प्रसादाला बोलावलं. त्या आल्या, कॅनव्हासचे बूट काढले, हात जोडले, तळहातावर खोबरं-साखर घेतली. मग त्यांची नजर त्या टेकूवर गेली. हळद-कुंकू लावून, माळ घालून आम्ही तो भिंतीला उभा केला होता. त्यांनी माळ बोटाने बाजूला सारली. खाली चिठ्ठी होती.

"एकेचाळीस इथे कसा?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. चौथा खण. वर वर्तमानपत्रांची बाडं.

"मीच घे म्हटलं, बाई," माझ्या तोंडून निघालं. "पोशाने विचारलं, मी घे म्हटलं. कुठला ते विचारलं नाही. मीच." शब्द आपोआप बाहेर येत होते.

बाईंनी प्रसाद तोंडात टाकला नाही, खालीही टाकला नाही. मूठ मिटली आणि अनवाणीच आत गेल्या. मी मागोमाग दारापर्यंत.

हॉलमध्ये सत्तावीस माणसं होती. परीक्षा जवळ आली होती. एकेचाळीसच्या जागी फरशीवर नुसता टेकूच्या तळाचा चौकोनी डाग, आणि वर स्लॅबला एक बारीक रेघ. ती सकाळी नव्हती. त्या रेघेतून भुकटी गळत होती. चिमूटभर नव्हे, वाळूच्या घड्याळातल्यासारखी, सारखी. खालच्या टेबलावर चौघं बसली होती. त्यांत ती बोनकोड्याची पोरगी. तिने पुस्तक फुंकलं आणि पान उलटलं.

मी छाती भरून ओरडायला तोंड उघडलं. बाईंनी मागे न बघता हात वर केला.

"ओरडलात तर सगळे एका दारात येतील," त्या म्हणाल्या. "पाय आपटतील. टेकूंना धक्के लागतील. हळू."

आणि त्या आत गेल्या. दाराजवळच्या टेबलापासून नाही, थेट त्या रेघेखाली. पोरीच्या कानाशी वाकून काहीतरी म्हणाल्या. पोरगी कपाळाला आठ्या घालून उठली आणि वह्या-पुस्तकं गोळा करून काउंटरकडे निघाली. मग दुसरी. मग तिसरा. माझ्या जवळून जाताना एक पोरगं पुटपुटलं, "च्यायला, आजच कोणाला पायजे हे पुस्तक?" तेव्हा मला समजलं. बाई प्रत्येकाला सांगत होत्या की तुमच्या पुस्तकाला दुसरी मागणी आलीय, सामान घेऊन काउंटरवर या. रोजच्यासारख्याच आवाजात. एक उठला की दुसऱ्या टेबलाकडे. धावत नव्हत्या. मला वाटत होतं, बाई, अहो, घाई करा. आणि मी उंबऱ्यावर होतो. आत पाऊल पडत नव्हतं. आयुष्यभर स्लॅबखाली वावरलेला माणूस मी. नाही पडलं.

कोणीतरी मला बाजूला ढकललं. पोशा होता. खांद्यावर तो एकेचाळीस नंबर, माळ अजून तशीच लटकत होती. तो सरळ त्या डागावर गेला, टेकू उभा केला, पाचर बसवली आणि स्क्रू आवळायला लागला. भुकटी त्याच्या डोक्यावर पडत होती, केस पांढरे झाले होते. त्याने वर बघितलं नाही. बघितलं असतं तर त्याचाही हात थांबला असता, असं तो पुढे कोणाला तरी म्हणाला.

शेवटी एक गृहस्थ राहिले. निवृत्त झालेले, रोज सकाळी येऊन पेपर वाचणारे, कानांनी अगदी कमी. बाईंनी त्यांना दोनदा सांगितलं, त्यांनी हात झटकला. तेव्हा बाईंनी त्यांच्या हातातला पेपर काढून घेतला आणि दाराकडे चालू लागल्या.

"अहो! हा काय प्रकार आहे? अजून अग्रलेख वाचायचाय माझा!" म्हणत ते तरातरा त्यांच्या मागे आले.

"पोशा, तुम्हीही," बाई म्हणाल्या.

ते तिघे उंबऱ्याच्या अलीकडे आले. मग आवाज झाला. स्लॅब पुरा आला नाही, टेकूंनी धरला. पण खालचा कुजका थर, पलंगाएवढा मोठा, सुटून त्या टेबलावर आला. टेबलाचे पाय चारी बाजूंना फाकले. सगळा हॉल पांढरा झाला. धुरळा खाली बसला. मग ती पोरगी रडायला लागली.

बाईंनी मूठ उघडली. खोबरं-साखर घामाने चिकट झाली होती. त्यांनी ती तोंडात टाकली आणि वही मागवली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी सायकलींच्या शेडमध्ये, पत्र्याखाली, सहा टेबलं मांडली. पाटी तिथे टांगली. साहेब आले, कुलपाचं बोलले. बाई काय म्हणाल्या ते ऐकायला त्यांना वाकावं लागलं. कुलूप लागलं नाही.

पण चौकशी लागली. मला बोलावलं. मोठं टेबल, पलीकडे पाच माणसं, खिडकीजवळ बाई. मला विचारलं, टेकू कोणी काढला? मी सांगितलं, मुकादमाने परस्पर काढला, मला माहीत नव्हतं, मी त्याला त्याच दिवशी कामावरून काढलंय. काढलं होतं, हे खरं. माझ्याकडे चाळीस माणसं होती. माझं नाव गेलं तर चाळीस घरं बसतील, एकट्या पोशाचं बसलं तर एक. असा मी विचार केला. मी सौदे करणारा माणूस आहे. मला वाटलं, हा सौदा बरोबर आहे.

मग बाईंनी वही पुढे सरकवली. साहेबांनी मोठ्याने वाचलं. पहिली ओळ, 'वाचनगृह चालू ठेवण्याचा निर्णय माझा होता.' दुसरी ओळ, 'टेकू क्रमांक एकेचाळीस ठेकेदार श्री. तांडेल यांच्या परवानगीने काढला गेला. हे त्यांनी स्वतः मला सांगितले.'

पहिली ओळ मी कोणाला सांगत नाही. दुसरी सगळ्यांना सांगतो. भीतीने तोंडातून निघालेलं कोणी कागदावर घेतं का? मी तिच्याबरोबर दोन दिवस पुस्तकं तोलली. तिने माझ्या हातचा प्रसाद खाल्ला. माझं काम गेलं, पुढचे तीन खण दुसऱ्याने केले, दारापाशी दगडी पाटीवर त्याचं नाव आहे. बाईंनाही वरची जागा मिळणार होती, ती मिळाली नाही असं ऐकलं. त्याचं मला तेव्हा बरं वाटलं होतं.

दोन-तीन वर्षांनी मी बेलापूरहून जीपने येत होतो. भर दुपार, उन्हाळा. बसस्टॉपवर बाई दिसल्या. मी जीप थांबवली. आज बोलूनच टाकायचं, असं ठरवून उतरलो.

काँक्रीटची शेड होती, नवीनच. दहा-बारा माणसं तिच्या सावलीत गर्दी करून उभी होती. बाई एकट्या बाहेर, उन्हात. पदर डोक्यावर, पायात तेच बूट.

"बाई, सावलीत उभ्या राहा की."

त्यांनी मला ओळखलं. शेडकडे बघितलं. "नको."

"ही मी बांधलेली नाय."

"माहीत आहे." मग जरा थांबून म्हणाल्या, "मला तेव्हाही नकोच वाटायचं, तांडेल. रोज सकाळी आत पाऊल टाकताना वाटायचं, आज पडणार. म्हणून तर हात लावून बघायची. लावला की पुढच्यापर्यंत जाता यायचं."

मी दोन-तीन वर्षं घोकलेलं भाषण तिथेच अडकलं. तरी म्हटलं, "तुम्ही ते लिहायला नको होतं. मी घाबरून बोललो होतो."

त्या काहीतरी म्हणाल्या. रस्त्यावरून ट्रक जात होता. मी वाकलो.

"मी नसतं लिहिलं तर पोशाला पोलीस घेऊन गेले असते," त्या म्हणाल्या. "तुमच्यातला त्या स्लॅबखाली गेला तो एकटाच. परत घेतलंत त्याला कामावर?"

"घेईन."

"घेईन नाही. घेतलंत?"

त्यांची बस आली. वेळ होता, खोटं बोलता आलं असतं. "नाही," मी म्हटलं.

बाईंनी मान हलवली. रागाने नाही, वहीत काही लिहून झाल्यावर हलवायच्या तशी. पायरी चढल्या. बस वळेपर्यंत खिडकीत त्यांचा पदर दिसत होता.

मी तिथेच उभा. ऊन टाळूवर आलं होतं. शेडखालची माणसं माझ्याकडे बघत होती. त्यांतला एक जण सरकला आणि म्हणाला, "शेट, उन्हात कशाला? या ना आत, जागा आहे."

मी वर त्या स्लॅबकडे बघितलं, आणि माझं पाऊल उचलेना.